बिब्ब्याचे डाग

शाळू पोटरीत आला आणि सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली की माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट आपोआप एकमेकांजवळ येतात. जणू मधे काहीतरी बारीक धरलं आहे. बायको म्हणते, चिमटीत मीठ घेतल्यासारखं काय करत बसता? मीठ नव्हे, सुई. दोन टोकांची, बोटाएवढी, दोन टोकांच्या बेचक्यात लसीचा एक थेंब अडकून राहील एवढीच. ती दंडावर पंधरा वेळा टोचायची, भराभर, एकाच जागी. रक्ताचा ठिपका दिसला की झालं.

तो हंगाम थंडीचा असे. उन्हाळ्यात लस टिकत नसे आणि टोचलेली जागा चिघळे, म्हणून दिवाळी उरकली की आम्ही बाहेर पडायचो. माण तालुक्यातली ती थंडी कोरडी होती. ओठ फुटायचे. वस्तीवर पोचलो की बाभळीच्या जळणाचा धूर, घोंगड्यांचा लोकरी वास आणि लेंड्यांचा उबट वास एकदमच अंगावर यायचा. चुलीवर सुया उकळत ठेवायच्या आणि तोवर बायकांनी पोरं लपवायची, असा ठरलेलाच क्रम. कुणी कणगीत, कुणी मेंढरांभोवती ताणलेल्या जाळ्याच्या वाघरीमागं, कोकरांच्या कोंडाळ्यात. एका माउलीनं तर पोरगं आपल्या लुगड्याखाली घेऊन मला ताक दिलं होतं. मी ताक पीत होतो आणि लुगडं शिंकत होतं.

लोक मला देवीचा डाक्टर म्हणत. डॉक्टर कसला, मी सहा महिन्यांचं शिकून नोकरीला लागलेला एकवीस वर्षांचा लसटोचक. पण त्या हाकेनं छाती फुगायची, हे कबूल केलं पाहिजे. आज बरंच काही कबूल करायचं आहे, तेव्हा सुरुवात इथून झालेली बरी.

गेल्या हिवाळ्यात मी मलकापूरहून सांगलीकडं, मुलीच्या, नंदाच्या गावाला गेलो होतो. कृष्णाकाठचं गाव. नंदाच्या घराला लागून भूपाल अण्णांचा गोठा. अण्णा सत्तरीचे, जैन शेतकरी, ऊस आणि म्हशी दोन्ही सांभाळणारे. संध्याकाळी अंधार पडायच्या आत जेवून घेतात आणि मग गोठ्याच्या कट्ट्यावर गप्पांना बसतात. त्या दिवशी गप्पांना रंग नव्हता. म्हशींच्या सडांवर फोड आले होते. म्हशी धार काढू देत नव्हत्या आणि धारा काढणाऱ्यांच्या हातावरही तसेच फोड उठले होते. अण्णांच्या मुलाचा अंगठा भोपळी मिरचीसारखा सुजला होता. सुनेच्या मनगटावर तीन फोड, मधे खळगा पडलेले, कडेनं लाल. तिला ताप होता.

मधे खळगा. असा फोड मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता.

"जनावराचे डाक्टर येऊन गेले," अण्णा म्हणाले. "म्हशीच्या देवी म्हनं ह्या. मानसाच्या देवीची चुलतबहीण. जीव घेत न्हाई, पर हात कामातनं जातो."

"तुमच्या हाताला काय झालं नाही?"

"हेच तर नवल हाय! मी रोज दोन म्हशी पिळतोय. आमची अक्का पिळते. ती तिकडली म्हातारी गडीमानसं पिळत्यात. आमाला काय न्हाई. पोरं तेवढी आजारी. रोगालाबी आता म्हातारं मांस आवडंना झालंय."

मी म्हणालो, "अण्णा, सदऱ्याची बाही वर करा."

त्यांच्या डाव्या दंडावर दोन खुणा होत्या. गोल, आत दबलेल्या, अंगुस्तानावर असतात तशा बारीक खळग्यांच्या. मी त्यांवरून बोट फिरवलं. मग अक्कांचा दंड पाहिला, मग दोघा गड्यांचा. अण्णा हसायला लागले. "पाव्हणं, दंड बघत सुटलाय, कुस्ती लावायचीय काय आमची?"

सगळ्यांना खुणा होत्या. आणि अण्णांच्या मुलाच्या दंडावर काहीच नव्हतं, कारण तो जन्मला तेव्हा देवी जगातून गेल्या होत्या आणि टोचणंही थांबलं होतं.

हे मला कागदावर माहीत होतं. मधे परदेशातल्या माकडाच्या देवींच्या बातम्या आल्या तेव्हा वाचलं होतं, की लहानपणी टोचून घेतलेल्या म्हाताऱ्यांना त्या रोगापासूनही थोडंफार संरक्षण असतं. पण वाचणं वेगळं. इथं माणसं समोर बसली होती. अण्णांच्या दंडात कुणा एका टोचकानं साठ-पासष्ट वर्षांपूर्वी सुई मारली. अण्णा ते विसरले, टोचणारा बहुधा मातीत गेला, पण अण्णांच्या रक्तात कुणीतरी अजून जागं होतं. त्यानं देवी ओळखून ठेवली होती, आणि तिची चुलतबहीण दारात आली तेव्हा तोंडवळ्यावरून तिलाही ओळखलं. मेंढक्यांकडं राहिल्यामुळं मला हे त्यांच्याच भाषेत समजतं. एकदा लांडगा पाहिलेलं कुत्रं कोल्ह्यावरही भुंकतं.

नेहमीच असं होतं असं नाही. पण त्या कट्ट्यावर मला इतकं भरून आलं, की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो. आपण आयुष्यात काय केलं, असं म्हाताऱ्या माणसाला अधूनमधून वाटतं. मला त्या संध्याकाळी उत्तर मिळाल्यासारखं झालं. चार माणसांचे धड हात दिसले. ते माझ्या सुईचे नसतील, पण माझ्यासारख्याच कुणाच्या तरी सुईचे.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "पर एक गोष्ट कळंना. आमची बायडाबाई. साठीला आल्याली बाई, तिलाबी उठल्यात. लय जोरात."

गोठ्याच्या कडेला एक बाई वैरण टाकत होती. दोन्ही हातांना फडकी बांधलेली. ती म्हणजे बायडाबाई. दुष्काळात मेंढरं विकून नवऱ्यासोबत इकडं आली, नवरा गेल्यावरही अण्णांच्याच गोठ्यावर राहिली. मी तिला गाव विचारलं.

"माण," ती म्हणाली. मग वस्तीचं नाव सांगितलं.

मी ते नाव इथं लिहीत नाही. वस्तीवरची माणसं अजून आहेत. त्या वस्तीवर मी टोचायला गेलो होतो, एवढंच सांगतो.

"दंड दाखवता का जरा?"

"दावते की. फडकंबिडकं सुटंल, तुमीच सारा पदर."

डाव्या दंडावर एक काळा, पसरट, कडेला जरा उचललेला डाग होता.

"देवीचा?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई वं. बिब्ब्याचा. आमच्या आजीनं दिल्याला. सारखा ताप यायचा म्हनून."

तो डाग मी आधी पाहिलेला होता.

*

पन्नासेक वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी त्या वस्तीवर एकंदर तीसेक मुलं होती. एकोणीस टोचून झाली. अकरा राहिली. दहा वाजत आले होते आणि मला बाराची गाडी धरायची होती, कारण संध्याकाळी मलकापुरात मुलगी बघायला जायचं होतं. वडिलांनी दोनदा निरोप पाठवला होता. पिशवीत इस्त्रीचा सदरा होता. त्याला धुराचा वास लागेल म्हणून मी तो सारखा चाचपत होतो.

उरलेली अकरा मुलं एक म्हातारी पुढं घेऊन आली. म्हणाली, ह्यांना टोचून झालंय, बगा. आणि एकेकाचा दंड पुढं केला. प्रत्येकावर डाग. काळा, पसरट.

देवीची खूण आणि बिब्ब्याचा डाग यात गल्लत व्हायची, ती खात्यातल्या नव्या पोरांची. आणि तीसुद्धा याच भागात. कारण इथं तापाला, धापेला बिब्बा तापवून डाग द्यायची चाल होती, आणि काही घरांत तो दंडावर देत. आम्हांला शिकवतानाच सांगितलं होतं. देवीची खूण आत दबलेली असते, बोट फिरवलं की खळगे लागतात. बिब्ब्याचा डाग गुळगुळीत असतो.

मी बोट फिरवलं होतं. पहिल्याच पोरीच्या दंडावर, आणि बोटाला काहीच लागलं नाही. ती पोर माझ्याकडं टकामका बघत होती. मी वही उघडली आणि लिहिलं, खूण आहे. मग बोट न फिरवता आणखी दहा वेळा तेच लिहिलं. पावणेअकराला मी पांदीनं पळत होतो. आठ दिवसांनी पुन्हा येऊन टोचू, असं मनाशी म्हणत.

आठ दिवसांनी गेलो तेव्हा वस्तीवर राखेचे ढीग होते. कळप खाली कृष्णेच्या अंगाला उतरले होते. ते आता पावसाळ्यालाच परतायचे. साहेबांनी माझी वही पाहून सगळ्यांसमोर शाबासकी दिली. एकही मूल राहिलं नाही म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, पोरगा विनयी आहे.

त्यानंतर कित्येक वर्षं म्हसवडच्या जत्रेत मी लोकांचे चेहरे बघत हिंडलो. रथाकडं पाठ करून. चेहऱ्यावर देवीचे वण असलेला तरुण मुलगा, तरुण मुलगी दिसली की मी जवळ जाऊन गाव विचारायचो. एकदा एका पोरीच्या भावानं माझी गचांडी धरली होती. देवी संपल्या असं सरकारनं जाहीर केलं तेव्हा कचेरीत पेढे वाटले. सगळ्यांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. माझा पेढा टाळ्याला चिकटून बसला. देवी संपल्या, पण संपण्याआधी त्या अकरातल्या कुणाला घेऊन गेल्या का, हे मला कुणी सांगणार नव्हतं. आणि मी विचारायला गेलो नाही. नोकरी होती, संसार होता, पुढं बढती होती. खरं कारण भीती. उत्तर काय मिळेल याची.

*

मलकापूरला परतलो आणि कुसुमला, बायकोला, पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती पावटे सोलत होती. ऐकून घेतलं.

"म्हणजे मला बघायला यायचं म्हणून पोरं टाकून आलात?"

"तसंच म्हण."

"आणि आलात ते पण उशिरा. पोहे गार झाले होते. धुराचा वास मारत होता तुम्हांला." तिनं आणखी दोन शेंगा सोलल्या. "पन्नास वर्षं मला वाटत होतं, ह्या माणसाला झोपेत कण्हायची सवय आहे. ती ही होय?"

"असेल."

"मग मला काय सांगता? तिला सांगा."

"तिला काय वाटेल?"

"ते तिचं ती ठरवेल. तुम्ही कशाला तिच्या वाटचं वाटून घेताय?" आणि पावट्यांचं ताट माझ्याकडं सरकवून म्हणाली, "उद्या सकाळची गाडी धरा. गाडी धरायला तुम्ही लई पटाईत."

हे लागलं. लागायलाच हवं होतं.

पुन्हा गेलो तेव्हा तीन आठवडे लोटले होते. गोठ्यातला रोग ओसरला होता. अण्णांच्या मुलाचा अंगठा जाग्यावर आला होता. बायडाबाईची फडकी सुटली होती. बोटांवर, मनगटावर नव्या गुलाबी चामडीचे गोल होते, आत दबलेले. ती उन्हाला बसून शेणकुटं रचत होती. मी तिच्यासमोर दगडावर बसलो आणि जसं घडलं तसं सांगितलं. एस्टी, सदरा, वही. पहिल्या पोरीच्या दंडावर फिरवलेलं बोट.

तिनं पदर तोंडाला लावला. मग तिच्या तोंडावरचा पदर हलायला लागला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"आवं, तुमी व्हय त्यो! बारीक मिशीवाला?" तिनं कपाळावर हात मारला. "आमी लय वरसं हसत हुतो तुमाला. आजीनं आमाला पडवीत उभं करून शिकवल्यालं, डाक्टर आला की बिब्ब्याचा दंड म्होरं करायचा. सुईचा नगं. तुमी लिवून घेतलंसा आन् पळालासा. आजी म्हनली, कसा फशिवला येड्याला! मरूस्तवर ती गोष्ट सांगायची म्हातारी."

मी हसू शकलो नाही. तिनं मला एक दार उघडून दिलं होतं. तुम्ही फसलात, तुमचा काय दोष. त्या दारातून बाहेर पडणं फार सोपं होतं. पण मी त्यासाठी आलो नव्हतो.

"बायडाबाई, मी फसलो नव्हतो. मला कळलं होतं तो बिब्ब्याचा आहे म्हणून."

तिचं हसू थांबलं. तिनं हातातलं शेणकूट खाली ठेवलं.

"कळलं हुतं?"

"हो."

"आन् तरी लिवलंसा?"

"हो."

गोठ्यातली म्हैस दावणीला अंग घासत होती. बायडाबाई आपल्या बोटांकडं बघत राहिली. तिला ते पंधरा-वीस दिवस आठवत असावेत. अण्णांच्या अक्कांनी मला सांगितलं होतं, की तिला भाकरी मोडता येत नव्हती, अक्का भरवायच्या.

"म्हंजे ह्ये," तिनं हात पुढं केला, "टळलं असतं?"

"टळलं असतं बहुतेक. किंवा थोडक्यात गेलं असतं."

"हम्." तिनं शेणकूट पुन्हा उचललं. "वाईट केलंसा."

मी मान हलवली. पन्नास वर्षांत हे कुणी मला म्हणालं नव्हतं. सरळ, न ओरडता. एवढा हलकेपणा मला कशानं आला नसेल.

मग मी तो प्रश्न विचारला. "बाकीचे दहा? त्यांच्यातल्या कुणाला देवी आल्या का?"

ती बोटं मोडत गेली. त्याच गुलाबी वणांच्या बोटांनी. "म्या एक. माजा थोरला भाऊ, महादा, गावाकडं हाय. तो मंबईत हमाली करून परत आला. यशी साप चावून गेली, लगीन झाल्यावर. तात्या हाय. कोंडिबा दारूनं गेला. सखू हाय, तिला नातू झालाय..." एकेक नाव घेताना ती थांबायची, आठवायची, एखाद्या नावावर हसायची. मी मनात आकडा मोजत होतो. अकरावं नाव आलं. सात जण जिवंत. चार गेलेले. साप, दारू, बाळंतपण, आणि एक अपघातात.

"देवीनं कुनाला न्हेलं न्हाई," ती म्हणाली.

मी उठून गोठ्याच्या मागं गेलो आणि तिथं उसाच्या बांधावर बसून राहिलो. रडलो म्हणायला हरकत नाही.

कुणामुळं वाचली ही अकरा जणं? माझ्यामुळं नव्हे. त्या सालात खाली कृष्णाकाठी ज्या ज्या गावांच्या शिवारात त्यांचे कळप बसले, तिथं तिथं कुणीतरी माझ्यासारखाच टोचक घरोघर हिंडून गेला होता आणि त्यानं बोट फिरवून, खळगे मोजून, खरं लिहिलं होतं. त्या टोचलेल्या माणसांतून देवीला वाटच मिळाली नाही. मेंढक्यांना हे सांगावं लागत नाही. वाघर सगळीकडून ताणलेली असली की आतली दोन कोकरं बांधायची राहिली तरी लांडगा आत येत नाही. माझी अकरा कोकरं मोकळी होती. वाघर दुसऱ्यांनी धरली होती. त्यांतलं एकही नाव मला माहीत नाही. सायकलवरून, पायी, नावेतून हिंडलेली ती माणसं. कुणी त्यांना ताक दिलं असेल, कुणी कुत्रं सोडलं असेल. हा लेख खरं तर त्यांना लिहिलेला आहे. तुम्ही तुमचं काम नीट केलंत म्हणून मी आज तोंड वर करून बसू शकतो. तुमच्या सुईची ताकद अजून उतरलेली नाही. मी अण्णांच्या गोठ्यात ती डोळ्यांनी पाहिली.

मी परत आलो तेव्हा बायडाबाईनं चहा ठेवला होता.

"आता टोचता का मग?" ती म्हणाली. "ऱ्हायलंय न्हवं आमचं."

"आता ती लस मिळत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. म्हशीनंच टोचलं समजा." तिनं हात उलटसुलट करून पाहिले. "ही एकदा येऊन गेली म्हंजे परत यायची न्हाई न्हवं?"

"सहसा नाही. आता तुमचं रक्त तिला ओळखतं."

"एवढं बरं झालं." चहाचा घोट घेता घेता ती थांबली. "आन् माजा भाऊ? त्याला तर म्हशीनंबी टोचल्यालं न्हाई. त्याच्या दारात दोन म्हशी हायत. सखूच्या लेकाचा तर गोठाच हाय, सखू धारा काढती."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी माफी मागायला आलो होतो. मागं वळून बघायला. पण ती सहा माणसं तिकडं रोज उघड्या हातांनी म्हशीखाली बसत होती, आपल्याला टोचलेलं आहे की नाही हे कुणी विचारलं तर दंडावरचा बिब्बा दाखवत.

बायडाबाईनं कमरेची पिशवी काढली, पिशवीतून फोन काढला. नंबर लावला आणि फोन मोठ्यानं बोलेल असा करून दोघांच्या मधे धरला.

"दादा, म्या बायडा. ऐक. आपल्याला टोचायला आल्याला डाक्टर हितं बसलाय. व्हय, त्योच, आजीनं फशिवल्याला. त्याला काय तरी सांगायचंय तुला. हसू नगं. आधी ऐकून घी."

फोन माझ्या हातात आला. मी सांगितलं. एस्टी, सदरा, वही. बोलताना या वेळी अडखळलो नाही. पलीकडं वारा होता आणि कुठंतरी शेळी ओरडत होती.

मग महादा म्हणाला, "बरं. झालं ती झालं. माझ्या दोन म्हशी हायत. मी काय करू, ती सांगा."

"धार काढायच्या आधी सडं बघायची," मी म्हणालो. "फोड दिसला तर ती म्हैस सगळ्यांत शेवटी पिळायची. हाताला जखम असेल तर पिळायचीच नाही. नंतर साबणानं हात धुवायचे, कोपरापर्यंत. फोड उठला तर बिब्बा लावायचा नाही, डॉक्टरला दाखवायचा."

"व्हय," महादा म्हणत होता. "व्हय. कोपरापत्तुर. सावकाश सांगा, मी लिवून घेतो."

मी सावकाश सांगत गेलो. समोर बायडाबाई बोटांवर हिशेब करून म्हणाली, "ह्यो झाला की सखूला लावू. मग तात्याला."